पाखरांचा वाटा

खान्देशातल्या नरडाण्यात आमच्या दारासमोर निंबाचं जुनं झाड आहे. धनत्रयोदशीच्या सकाळी त्याच्या खालच्या फांद्यांना आम्ही बाजरीची कणसं बांधतो. होळी ते पाडवा या दिवसांत बाजरीची जागा दादर ज्वारी घेते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कणसं नसतात. त्या उन्हात फांद्यांना पाण्याने भरलेली मातीची परळं टांगलेली असतात. माझ्या आजीच्या काळापासून आमच्या घरी हे चालू आहे. गेल्या तीन-चार वर्षांत गल्लीतली पोरंही आपापल्या दारच्या झाडांना कणसं बांधू लागली होती. सणाच्या दिवशी गल्लीत शिरलं की निंबावर, शेवग्यावर, कुणाच्या परसातल्या बोरीवर कणसं झुलताना दिसायची.

यंदा दिवाळीला माझा शाळेतला एक मित्र गावी आला. बरीच वर्षं तो मोठ्या शहरात राहतो. वाचणारा माणूस, पक्ष्यांची आवड असलेला, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. निंबाखाली उभं राहून त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "ह्या कणसं कसाले टांगात रे भो?" मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. संध्याकाळी ओट्यावर पोरं जमली होती, त्यांच्यासमोर तो तासभर बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोन पोरांनी आपल्या दारची कणसं उतरवून ठेवली होती. "काका म्हणाले, पाखरांचं नुकसान होतं," एवढंच त्यांनी सांगितलं. माझ्या मित्राशी माझा वाद आहे तो त्या दोन उतरवलेल्या कणसांसाठी. तो संध्याकाळी बोलून संपवायचा नव्हता, म्हणून लिहितो आहे.

आधी त्याचं म्हणणं नीट मांडतो. पहिला आक्षेप असा, की झाडं सजवण्याचा हा प्रकार विलायती आहे, नाताळच्या झाडाची नक्कल आहे. दुसरा, आयतं खायला घातलं की पाखरं परावलंबी होतात. तिसरा, पाखरं एका जागी जमली की रोगराई पसरते. मुंबईच्या कबुतरखान्यांचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. चौथा, ज्या पाखरांमागे शेतात गोफण घेऊन धावायचं त्यांनाच सणाला जेवायला बोलवायचं, हे दुटप्पी आहे. आणि पाचवा, चार कणसांनी पक्षी वाचत नाहीत. कळकळ असेल तर झाडं लावा. यातला एकही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन तर मला पूर्णपणे मान्य आहेत. पण या पाचांची बेरीज करून "म्हणून कणसं उतरवा" असं जे त्याने पोरांना सांगितलं, ते चूक आहे, आणि का चूक आहे ते मी एकेक करून सांगतो.

विलायतीपणापासून सुरुवात करू. नॉर्वेत नाताळाच्या दिवसांत ओटची पेंढी खांबावर किंवा झाडावर पाखरांसाठी बांधतात. तिला ते ‘युलेनेक’ म्हणतात. स्वीडनमध्येही अशीच रीत आहे. तेव्हा मित्राची आठवण बरोबर आहे, तिकडे हे होतं. पण हे तिथल्या शेतकऱ्याचं काम आहे, पीक घरात आल्यावर केलेलं. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये धानाच्या लोंब्या विणून त्याची झालर दाराला टांगतात आणि चिमण्या ती टिपून खातात. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला नॉर्वे ठाऊक नव्हतं आणि नॉर्वेच्या शेतकऱ्याला छत्तीसगड. कोकणात नव्या भाताच्या लोंब्यांचं ‘नवं’ दाराला बांधतात, ते घराच्या भरभराटीसाठी. तरी त्यातही नवं पीक आधी दारावर मिरवण्याची तीच भावना आहे. पीक निघालं, कणीस हातात आलं, दिवस सणाचा आहे, समोर झाड आहे आणि झाडावर पाखरू आहे. एवढं जिथे जुळून येतं तिथे ही रीत आपोआप जन्मते. तिला कुणाची नक्कल करावी लागत नाही.

आणि खान्देशात सणाला झाड सजवणं नवं कधी होतं? आखाजीला निंबाच्या, चिंचेच्या फांद्यांना झोके बांधले जातात. माहेरी आलेल्या लेकी त्या झोक्यांवर बसून गाणी म्हणतात. त्याच दिवशी घराघरांत पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, वर खरबूज-सांजोरी ठेवली जाते. वैशाखात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असतो, शिंदखेड्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात. अशा दिवसांत पाण्याने भरलेल्या घागरीची पूजा करणाऱ्या सणाने झोक्याच्या शेजारच्या फांदीला पाखरांसाठी पाणी टांगलं, तर त्यात परकं काय आहे? हा त्याच सणाचा अर्थ एक फांदी पुढे नेणं आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो, कारण माझा मित्र सगळा वेळ ‘दान’ या शब्दाने बोलत होता. "पाखरांना दान कशाला?" माझी आजी दान म्हणत नसे. कणीस बांधताना ती म्हणायची, "पाखरेस्ना बी वाटा ऱ्हास." दान देणाऱ्याच्या मनावर असतं. वाटा ठरलेला असतो, आणि तो दिला नाही तर देणेकरी आपण ठरतो.

हा वाटा कुठे ठरला होता ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. गावाबाहेर ज्याचं त्याचं खळं असायचं. शेणाने सारवलेल्या त्या गोलात कणसं पसरायची, मधल्या मेढीभोवती बैलांची पात धरायची, आणि वारा सुटला की वावडीवर उभं राहून उपणणी करायची. हे काम आठवडा-पंधरवडा चालायचं. तेवढे दिवस खळ्याच्या कडेला होले, चिमण्या, साळुंक्या, पारवे यांची वर्दळ असायची. भुश्यात गेलेला दाणा, भेगेत पडलेला दाणा, बैलाच्या खुराखालून उडालेला दाणा, हे सगळं त्यांचं. कुणी ते मोजत नसे आणि कुणी ते गोळा करायला जात नसे. घरं धाब्याची होती. धाब्यावर धान्य वाळत पडायचं, सऱ्यांच्या सांध्यात आणि भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे चिमण्यांची घरटी असायची. घरात गवताच्या काड्या पडतात म्हणून बाया कुरकुर करायच्या, पण अंडी असलेलं घरटं कुणी काढत नसे.

एका पिढीत हे सगळं गेलं. मळणीयंत्र शेतातच उभं राहतं, सकाळी कणीस असतं ते दुपारी गोणीत जातं आणि संध्याकाळी दोंडाईच्याच्या नाहीतर शिरपूरच्या बाजाराच्या वाटेला लागतं. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि आपल्या शिवारातली ज्वारी-बाजरीची वावरं बघता बघता कापसाखाली गेली, मागोमाग मका आला. कापसाच्या वावरात दाणे टिपणाऱ्या पाखराला काय मिळणार? तापीकाठच्या काळ्या भारी जमिनीत, नुसत्या ओलीवर पिकणारी दादर आता शोधून पाहावी लागते. धाब्याच्या जागी स्लॅब आला, त्यात घरट्याला सांधा नाही. यंत्राला, कापसाला, स्लॅबला मी दोष देत नाही. बैलांची पात आता कुणी धरणार नाही, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या धाब्याखाली मीही राहणार नाही. पण या सुधारणांचा फायदा घेताना पाखरांचा ठरलेला वाटा आपण न बोलता परत घेतला, हे तरी मान्य करू. निंबाला बांधलेलं कणीस हे त्या थकलेल्या वाट्यातलं थोडंसं परत करणं आहे.

"पण मग ती आळशी होतात," मित्र म्हणाला. त्याला मी भाऊबीजेच्या सकाळी जे पाहिलं ते सांगतो. ऊन नुकतं ओट्यावर आलं होतं. एक नर चिमणा कणसाच्या देठावर उतरला. त्याच्या वजनाने कणीस झुकलं, तसा तो उलटा होऊन कणसाला बिलगला आणि चोचीने दाणा उपटू लागला. दर दाण्याला कोंड्याचा एक कण उडून उन्हात चमकायचा. त्याच्या धक्क्याने सुटलेले दाणे खाली पडत होते, ते दोन चिमण्या मातीतून टिपत होत्या. मग एक खार खोडावरून उतरली, तिने कणसाचा शेंडाच कुरतडून नेला. हे सगळं पाच-सात मिनिटं. मग चिमणा उडाला, शेजारच्या उकिरड्यावर उतरला, तिथून कुंपणाच्या गवतात गेला, तिथून तुरीच्या ओळीत. तासाभरात तो आणखी एकदा येऊन गेला. दिवसभर कणसाला लटकून बसलेलं एकही पाखरू मी आजवर पाहिलेलं नाही.

माझ्या पाहण्यावर विश्वास नको असेल तर अमेरिकेतल्या अभ्यासाचं उदाहरण घ्या. विस्कॉन्सिनमध्ये एका रानात पंचवीस वर्षं चिकडी नावाच्या छोट्या पाखरांना हिवाळ्यात दाणे घातले जात होते. मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेम्पल या संशोधकांनी ते दाण्याचे पेटारे काढून टाकले आणि त्या रानातली पाखरं, कधीच दाणे न मिळालेल्या दुसऱ्या रानातल्या पाखरांशी ताडून पाहिली. १९९२ साली हा निष्कर्ष छापून आला. जगण्या-मरण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. विस्कॉन्सिनचा हिवाळा बर्फाचा असतो. तिथे पंचवीस वर्षांच्या सवयीनंतरही पाखरं पोट भरायला विसरली नाहीत, तर आपल्याकडे चार दिवसांच्या कणसांनी ती विसरतील, हे मानायला काही आधार नाही. मिळालं तर ती खातात आणि संपलं की पुढे जातात.

तिसरा आक्षेप रोगराईचा. इथे मी मित्राच्या बाजूने उभा आहे, आणि मग त्याच्यापासून वेगळा होतो. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला. दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, त्यावरून ऑगस्टमध्ये आंदोलन झालं. फुप्फुसांच्या विकारांचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासात जात राहिली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. माणसांच्या दाट वस्तीत रोज पोत्याने दाणे ओतायचे आणि हजारो कबुतरं जमवायची, हे थांबायलाच हवं. त्याला भूतदया म्हणून मी पाठीशी घालणार नाही. ब्रिटनचा अनुभवही लक्षात घ्यायला हवा. तिथे बागेतल्या दाण्याच्या थाळ्यांभोवती गर्दी करणाऱ्या ग्रीनफिंच या पाखरात २००५ नंतर ट्रायकोमोनास या परजीवीचा रोग पसरला. त्यांची संख्या इतकी घसरली की २०२१ साली त्यांचं नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. दाणे घालणाऱ्यांचे हात प्रेमाचेच होते, पण थाळ्या घाणेरड्या राहिल्या.

यातून शिकायचं ते हे, की कसं घालायचं याला महत्त्व आहे. कबुतर सपाट जागी बसून खाणारं पाखरू आहे. त्याला जमीन लागते, कठडा लागतो. हवेत झुलणाऱ्या कणसाला बिलगणं त्याला जमत नाही. चिमणीला, सुगरणीला, मुनियेला जमतं. म्हणजे कणीस टांगलं की कबुतरांचा थवा आपोआप दूर राहतो आणि ज्यांना दाणा हवा ती लहान पाखरं येतात. दाणा कणसालाच असतो, थाळीत ओल्या विष्ठेत मिसळत नाही. दाणे संपले की कणीस उतरवून गुरांना टाकायचं आणि पुढच्या सणापर्यंत जागा रिकामी ठेवायची. पाण्याचं परळ रोज सकाळी रिकामं करायचं, नारळाच्या शेंडीने घासायचं, उन्हात कोरडं करायचं आणि मग भरायचं. ग्रीनफिंचला मारणारा तो परजीवी कोरड्यात टिकत नाही, आणि रोज बदललेल्या पाण्यात डासांच्या अळ्याही होत नाहीत. एका झाडाला चार-सहा कणसं, त्याहून जास्त नाहीत. एवढं पाळलं तर दादरच्या कबुतरखान्याचं उदाहरण दादर बांधलेल्या निंबाला लागू होत नाही.

चौथा आक्षेप ऐकताना ओट्यावरची शेतकऱ्यांची पोरं माना डोलावत होती, म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं. शेतात गोफण आणि दारात कणीस, हा दुटप्पीपणा आहे का? माझे आजोबा दोन्ही करायचे. दादर चिकात आली की पहाटे माळ्यावर चढायचे, दिवसभर हाकारे घालायचे, गोफण फिरवायचे. कारण त्या पंधरा-वीस दिवसांत पोपट आणि भोरड्या खरोखरच वावर ओरबाडून नेतात. ते नुकसान खरं आहे आणि राखण करणं शेतकऱ्याचा हक्क आहे. पण पीक घरात आल्यावर तेच आजोबा पहिल्या पेंढीतली कणसं आजीच्या हातात द्यायचे. राखणीचे दिवस वेगळे आणि वाट्याचे दिवस वेगळे. भावाभावांत बांधावरून भांडण झालं म्हणून जेवणाचं ताट कुणी काढून घेत नाही, तसंच हे.

आणि या हिशेबाची दुसरी बाजूही पाहू. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. सुगरणही तेच करते. १९५८ साली माओच्या चीनने चिमण्यांना धान्याचे शत्रू ठरवलं. लोकांनी थाळ्या वाजवून, हाकारून त्यांना बसू दिलं नाही. थकून पडल्या त्या मारल्या गेल्या. किडींवरचा तो पहारा उठला आणि पिकांवर कीड वाढली. पुढे आलेल्या भीषण दुष्काळाच्या अनेक कारणांत हेही एक मानलं जातं. १९६० साली त्यांना चिमणीचं नाव शत्रूंच्या यादीतून काढावं लागलं आणि तिच्या जागी ढेकूण आला. त्याच चीनच्या शिनजियांग प्रांतात आता भोरड्यांसाठी मुद्दाम घरट्याच्या जागा रचून दिल्या जातात, कारण विणीच्या काळात भोरड्या टोळ फस्त करतात. ज्या भोरडीवर आपण हिवाळ्यात गोफण उगारतो, तिची उन्हाळ्यात तिकडे वाट पाहिली जाते.

तिकडचं सोडा, आपल्याच कृषी विद्यापीठांच्या शिफारशी काढून पाहा. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतात इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे पक्षीथांबे लावा, असं त्या सांगतात. हरभरा पेरताना त्यात थोडं ज्वारीचं बी मिसळा, म्हणजे वाढलेली ज्वारीची ताटं पाखरांना बसायला जिवंत थांबे होतात, हीही शिफारस आहे. कोतवाल त्या काठीवर बसतो, अळी हेरतो, झेप घेतो आणि परत तिथेच येऊन बसतो. शिंदखेडा तालुक्यात हरभरा पिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. फवारणीचा खर्च आपण वहीत लिहितो. कोतवालाने आणि साळुंकीने वाचवलेला खर्च कुठल्याच वहीत लागत नाही. शेतात पाखराला बसायला काठी देणं हे शास्त्र, आणि दारात दोन दाणे देणं हे ढोंग, असं एका तोंडाने म्हणता येणार नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात भारदस्त आक्षेप: चार कणसांनी काय होणार? मी मान्य करतो, चार कणसांनी पक्ष्यांची एक जातसुद्धा वाचणार नाही. चिमण्या संपत चालल्या म्हणून कणसं बांधा, असंही मी म्हणत नाही, कारण ते पुरतं खरं नाही. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला, त्यात चिमणीची संख्या देशभर पाहता साधारण स्थिर आणि मोठ्या शहरांत मात्र घटलेली दिसली. २०२३ च्या अहवालाने ९४२ जातींचा लेखाजोखा घेतला, त्यात माळरानांवर आणि मोकळ्या जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची घसरण ठळक होती. आपलं शिवार म्हणजे तीच मोकळी जमीन. तिथल्या पक्ष्यांना माळ हवा, बांध हवा, बांधावरची बोर, बाभूळ, हिवर हवा. हे कणसाने भागणार नाही, हे मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण कणीस बांधायला झाड लागतं. आक्षेप घेताना तो नेमकं हेच विसरला. नरडाण्याच्या आजूबाजूला काय चाललं आहे ते तो गाडीतून येताना पाहतोच. मुंबई-आग्रा महामार्ग रुंद झाला, औद्योगिक वसाहत उभी राहिली, धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचं काम आलं. ही कामं गावाला हवीच होती. पण दर कामात रस्त्याकडेचं एखादं झाड, बांधावरची एखादी बाभूळ जाते, आणि गेली की ती कुणाच्या नजरेला टोचत नाही, कारण त्या झाडाशी कुणाचं काही नातं उरलेलं नसतं. दर सणाला ज्या फांदीला पोराने स्वतःच्या हाताने कणीस बांधलं, ती फांदी तोडायला कुणी आलं तर ते पोर विचारल्याशिवाय राहणार नाही. गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेचा निंब छाटायला माणसं आली, तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं धावत सांगायला आली होती. त्या निंबावर त्यांची कणसं होती. झाडं लावण्याचे कार्यक्रम दर पावसाळ्यात होतात आणि उन्हाळ्यापर्यंत निम्मी रोपं वाळतात. रोप जगवायला लागतं ते प्रेम भाषणातून येत नाही, हाताच्या सवयीतून येतं. कणीस ही ती सवय आहे.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० साली २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला. आपल्या महाराष्ट्रातून निघालेली ती कल्पना आज कितीतरी देशांत पोहोचली आहे. एका दिवसाने चिमणी वाचत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणारच. पण त्या दिवसाने लाखो माणसांनी मान वर करून चिमणीकडे पाहिलं. तो दिवस आपल्या होळी-पाडव्याच्या आसपासच येतो, दादर निघण्याच्या दिवसांत. आमचा निंब तेव्हा कणसांनी सजलेलाच असतो.

माझ्या बाजूच्या लोकांनाही मला काही सुनावायचं आहे, कारण कणसाच्या नावाखाली जे काही टांगलं जातं ते सगळं मी झाकणार नाही. प्लास्टिकच्या जाळीच्या पिशव्या टांगू नका, त्यात पाय अडकतो. शेव, फरसाण, मिठाई, तळणीची चकली पाखरांना घालू नका. मीठ आणि तेल त्यांच्यासाठी नाही. शिजवलेला भात उन्हात लवकर आंबतो. रात्री झाडाला दिव्यांच्या माळा गुंडाळू नका, त्याच फांद्यांवर पाखरं झोपतात. आणि नायलॉनचा धागा तर हातातही घेऊ नका. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडाझाडांत तो अडकलेला दिसतोच. एका झाडाला कणीस बांधायचं आणि शेजारच्या झाडात मांजा लोंबकळत ठेवायचा, हे चालणार नाही. आमच्या गल्लीत नियम असा आहे, की दादर बांधायच्या आधी पोरं काठ्या घेऊन संक्रांतीचा मांजा काढतात. कणीस अंबाडीच्या दोरीने किंवा सुतळीने, घट्ट गाठ मारून, लोंबतं टोक न ठेवता बांधायचं. फोटो काढायचा असेल तर जरूर काढा, पण आधी परळ घासा.

तर मित्रा, तुझे पाचही आक्षेप मी गंभीरपणे घेतले. रोगराईबद्दल तू सावध केलंस, त्यातून मी दोन नियम आणखी कडक केले. झाडं लावा म्हणालास. पावसाळा लागला की गावाच्या पाणवठ्याजवळ उंबर आणि वड लावायचं ठरवलं आहे, रोपं तू शहरातून आणलीस तर बरं होईल. पण कणसं उतरवायला सांगितलंस ते मागे घे. पाखरांना परावलंबी करतील एवढी ती नाहीत, आजारी पाडतील अशी ती नाहीत, परकी तर ती नाहीतच. आणि पाखरांनी ती मागितली नाहीत, हे तुझं शेवटचं वाक्य मला अजून आठवतं. खळ्याच्या कडेला बसणाऱ्या होल्यांनीही कधी मागितलं नव्हतं. त्यांना ते मिळायचं, कारण आपल्या घरची माणसं त्यांना मोजणीत धरायची.

त्या दोन पोरांना मी काही बोललो नाही. हा लेख छापून आला की त्यांना वाचायला देईन, मग त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. होळीच्या सुमाराला दादर निघेल. तापीकाठच्या एका शेतकऱ्याकडे मी आधीच सांगून ठेवलं आहे, पहिल्या पेंढीतली कणसं राखून ठेव म्हणून. तुझं गावातलं घर वर्षभर कुलपात असतं, पण परसातलं बोरीचं झाड उभं आहे आणि दर सकाळी त्यावर चिमण्या असतात. या होळीला चार कणसं मी तुझ्या बोरीला बांधणार आहे. तुझ्या घराकडचा वाटा बऱ्याच वर्षांचा थकला आहे.